काठावरचा ठोका

ईट, तालुका भूम
९ एप्रिल १९५७

गफारभाई यांना हनीफचा सलाम.

पत्ता मुरुमच्या मामूंकडून घेतला. देताना ते म्हणाले, आठ वर्षांनी भावाशी काय काम निघालं? मी म्हटलं, काम कसलं, खुशाली कळवायची. तर खुशाली अशी की इकडं सगळं ठीक आहे. दुकान चाललंय. स्टोव्ह, कुलपं, सायकली, कधीमधी बंदुकीचं काम. आज आठवा रोजा. ऊन फार आहे, पण सायराचे आणि माझे रोजे चुकले नाहीत. तुमची भावजय सायरा सलाम सांगते. अम्माही सांगते.

पत्र मराठीत लिहितोय. तुम्ही उर्दू शाळेत गेलात, मी इथल्या मराठी शाळेत चार बुकं शिकलो, हे तुम्हाला माहीत आहे. राग मानू नका.

एक किरकोळ गोष्ट विचारायची होती. वरच्या वस्तीचे पोलीस पाटील आण्णासाहेब आठवत असतील. त्यांची बावीस बोअरची जुनी रायफल, एका वेळी एकच काडतूस घेणारी, अब्बा दर दसऱ्याला साफ करून द्यायचे ती. आता ती दगा देते. दहातली तीन-चार काडतुसं उडतच नाहीत. चाप ओढला की नुसतं टिक होतं. मी बोल्ट उघडून रॉकेलमध्ये धुतला, आतलं वाळलेलं तेल काढलं, स्प्रिंग नवी घातली. काडतुसं जुनी असतील म्हणून आण्णासाहेबांनी बार्शीहून नवी डबी आणली. फरक पडला नाही. इथं मिस्त्री मीच, त्यामुळं विचारायचं कुणाला? तुम्ही हैदराबादेत एवढ्या मोठ्या कारखान्यात आहात, तुमच्या हाताखालून अशा शंभर गेल्या असतील.

तशी घाई नाही. इकडं एक लांडगा थोडा त्रास देतोय, म्हणून आण्णासाहेब विचारत होते.

सोबत जबाबी कार्ड जोडलंय. परतटपाली उत्तर द्यावं. कार्ड लिहायला वेळ नसेल तर नुसता उपाय लिहा, बाकी काही नको.

हनीफ


ईट
१७ एप्रिल १९५७

गफारभाई,

कार्ड मिळालं. वर सलाम नाही, खाली सही नाही, मधे चार सवाल. पण मला वाचता यावं म्हणून तुम्ही मराठीत लिहिलंत. कान्याच्या जागी वेलांटी दिलीत, तरी सगळं समजलं.

सवाल पहिला. काडतुसाच्या बुडावर पिनेचा ठोका कुठं पडतो, किती खोल? काठावरच पडतो, जिथं पडायला पाहिजे तिथंच. या काडतुसाचा बार बुडाच्या काठात भरलेला असतो, काठ चेपला तरच ते पेटतं, एवढं मला कळतं. पण न उडालेल्या काडतुसावरची खूण उथळ आहे. नखानं ओरखडा काढावा तशी. शब्दात सांगता येईना म्हणून तीन काडतुसांची बुडं साबणाच्या वडीवर दाबली आणि ती वडी कापडात शिवून वेगळ्या पाकिटात पाठवलीय. बघाल तर कळेल.

सवाल दुसरा. तेच काडतूस फिरवून पुन्हा ठोकलं तर उडतं का? कधी उडतं, कधी नाही. बोल्ट लावताना शेवटी थोडा जोर लागतो. पूर्वी लागत नव्हता.

सवाल तिसरा. पिनेचं टोक झिजलंय का? थोडं बोथट वाटतं. मोडलेलं नाही.

चौथा सवाल तुम्ही अम्माचा विचारलात. तिचा अंगठा कागदावर उठवून पाठव म्हणालात. भाई, तिचा अंगठा चुलीवर भाजलाय. बरा झाला की उठवून पाठवतो.

मागच्या पत्रात घाई नाही असं लिहिलं, ते खरं नव्हतं. घाई आहे.

शिमग्याच्या आधी वरच्या वस्तीवरून धनगराचं दोन वर्षांचं पोरगं लांडग्यानं नेलं. तेव्हापासून आण्णासाहेब रोज दिवस कलला की रायफल घेऊन वस्तीभोवती फिरायचे. पोलीस ॲक्शननंतर आसपासच्या बंदुका सरकारजमा झाल्या त्या झाल्याच, लायसनची ही एकच उरलीय. तहसीलला अर्ज दिलाय, शिकारी पाठवतो म्हणालेत. अजून कुणी आलेलं नाही.

मार्चच्या एकतीस तारखेला, म्हणजे मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या नऊ दिवस आधी, शांतलिंग अप्पाची सोजर अंगणात खेळत होती. चार वर्षांची पोर. तिची आई धुरपताबाई सरपण उचलायला घराच्या मागं गेली होती. दिवस अजून मावळला नव्हता. कडब्याच्या गंजीआड लांडगा बसलेला आण्णासाहेबांनी बघितला. तीस पावलं, जास्त नाही. त्यानं अजून पोरीकडं उडी घेतली नव्हती. आण्णासाहेबांनी नेम धरला आणि चाप ओढला. टिक. बोल्ट उघडून दुसरं काडतूस घातलं. टिक. तिसरं उडालं, पण तोवर तो पोरीला घेऊन बांध ओलांडून गेला होता, आणि पोरीला लागेल म्हणून त्यांनी नळी वर उचलली.

सकाळी ओढ्यात परकर सापडला. बाकीचं लिहीत नाही.

पाच दिवसांनी शांतलिंग अप्पा दुकानात आले. मी उठून उभा राहिलो. ते बसले नाहीत.

"हनीफ, बंदूक तुज्याकडं चार म्हैनं हुती."

"व्हय अप्पा."

"आण्णासाहेबानं दिली तवा वाजत हुती. तुज्याकडनं आली आन् वाजंना. मदी काय झालं?"

मी म्हटलं, "तेल बदललं अप्पा. दुसरं काय बी केलं न्हाय."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं आणि निघून गेले. आता बाजारात बोललं जातंय की हनीफनं बंदूक मुद्दाम बिघडवून दिली. कुणी तोंडावर बोलत नाही. पण परवा एक स्टोव्ह आणि दोन कुलपं, अर्धवट दुरुस्त झालेली, लोक तशीच परत घेऊन गेले.

भाई, लौकर लिहा.

हनीफ


ईट
२५ एप्रिल १९५७

गफारभाई,

तुमचं कार्ड काल आलं. साबण पोचला म्हणता. आणि पुढं फक्त दोन ओळी. पहिली, रिकामी किती वेळा वाजवलीस? दुसरी, खोटं लिहिशील तर पुढचं पत्र न वाचता फाडीन.

कार्ड घेऊन मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. सायरानं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, दवा लिहिलीय. तिला उद्या खरं सांगेन. आज तुम्हाला सांगतो.

दसऱ्याला आण्णासाहेबांनी रायफल साफ करायला दिली आणि ते आजारी पडले. शिवरात्रीपर्यंत न्यायला कुणी आलं नाही. चार महिने ती माझ्या दुकानात होती. साफ करायला मला एक दिवस लागला. मग मी ती मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचो. येणारा-जाणारा थांबायचा. म्हणायचा, फकीर मिस्त्रीचा पोरगा बंदुकीचं काम करतो की! आणि मी बोल्ट मागं ओढून, पुढं लावून, समोरच्या पाटीवर नेम धरून चाप ओढायचो. टिक. पुन्हा. लोक हसायचे, मीही हसायचो. कुणी म्हटलं, स्प्रिंग बरीय का? की लगेच दहा वेळा वाजवून दाखवायचो. दिवसाला पन्नास वेळा तरी. कधी जास्त. चार महिने. हिशेब तुम्ही करा, मला करवत नाही.

अब्बा तुम्हाला शिकवताना सांगायचे, या जातीची बंदूक रिकामी वाजवायची नाही, काडतूस नसलं की पिन सरळ नळीच्या काठावर आदळते. मी ओट्यावर बसून ऐकायचो. ते मला शिकवत नव्हते, तुम्हाला शिकवत होते. म्हणून ते माझ्यासाठी नाही असं मी धरलं असेल. मला ठाऊक नाही. आज सकाळी आरशाचा तुकडा आणि टॉर्च लावून नळीचं मागचं तोंड बघितलं. काडतुसाचा काठ जिथं टेकतो, बरोबर तिथं पिनेनं खड्डा पाडलाय. बाजूचा धातू आत वर आलाय. मिस्त्री म्हणवतो आणि हे मी आजवर बघितलं नव्हतं, कारण बघायचं नव्हतं.

म्हणजे सोजर माझ्यामुळं गेली. ओट्यावर बसून मी लोकांना हसवलं त्यामुळं.

आणि दुसरं. हे लिहिल्यावर तुम्ही पत्र फाडलंत तरी चालेल, पण आधी रायफलीचा उपाय लिहा.

अम्माचा अंगठा भाजलेला नाही. अम्मा नाही. पंचावन्न सालच्या पावसाळ्यात, मोहरमच्या आठ दिवस आधी गेली. ताप आला, तीन दिवस होता. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, गफारला तार केली का? मी म्हटलं, केली. केली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं, केली, गाडीत बसले असतील. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं नाही, सायराला विचारलं. सायरा माझ्याकडं बघत राहिली.

तुम्ही जाताना म्हणाला होतात, अब्बांची हत्यारं मी नेतो, अम्माला तू ठेव, तुझ्याकडं हात नाही, नुसतं तोंड आहे. तो राग माझ्या पोटात होता. तिच्या तापात तो राग मी तुमच्यावर काढला. नंतर कळवायची हिंमत झाली नाही. मामूंनाही मी सांगितलं की गफारभाईंना कळवलंय. आणि आता पत्र लिहिताना वाटलं, अम्मा आहे म्हटलं तर तुम्ही उत्तर द्याल. म्हणून तिचा सलाम लिहिला.

इकडची हालत सांगतो. वीस तारखेला लांडगा तिसऱ्यांदा आला, भर दुपारी, ज्वारीच्या खळ्यावर. एका पोराचा दंड धरला होता. बायकांनी विळे घेऊन ओरडून सोडवला. पोर वाचलं. आण्णासाहेब खळ्यावरच होते, पण हातात काठी होती. रायफल त्यांनी घरी ठेवली होती. तिचा भरवसा नाही म्हणाले, तिच्या नादात माणूस गाफील राहतो.

त्या संध्याकाळी विहिरीवर सायरा गेली तर बायका बाजूला झाल्या. पाणी भरू दिलं, पण कुणी बोललं नाही. आणि पारावरून एकानं माझ्या पाठीमागं रझाकार म्हटलं. आठ-नऊ वर्षांनी तो शब्द कानावर आला. अठ्ठेचाळीसच्या त्या महिन्यात याच गावानं आम्हाला कणगीमागं लपवलं होतं, म्हणून तर अम्मा गाव सोडायला तयार झाली नाही. आता त्याच गावाला मी काय सांगू? मुद्दाम नाही केलं, मिरवण्यासाठी केलं, असं?

परवा आण्णासाहेब स्वतः रायफल घेऊन आले. काउंटरवर ठेवली.

"हनीफ, लोक काय म्हंत्यात ते म्या ऐकलं. मला ते पटत न्हाय. पर ही नीट झाली पायजे. आन् नीट झाली की तूच माज्यासंगं बसायचं, चाप तूच वडायचा."

"मला नेम न्हाय आण्णासाहेब. म्या आजवर चिमणी मारली न्हाय."

"मंग मला कळंल कसं, की तुला तुज्या कामाचा भरवसा हाय?"

रायफल घेतली.

उपाय लिहा. तुमच्या पाया पडतो.

हनीफ


ईट
३ मे १९५७

भाई,

आठ दिवस झाले. कार्ड नाही. पोस्टमन दुकानापुढून जातो आणि मान हलवतो.

ईद झाली. नमाजला गेलो, गळाभेट झाली, पण दरवर्षी वस्तीवरून शीरखुर्मा प्यायला येणारे कुणी आले नाहीत. सायरानं भांडंभर केला होता. दुसऱ्या दिवशी ओतून दिला.

मी कानशीनं तो वर आलेला धातू घासायचा विचार केला होता. कानस हातात घेतली आणि ठेवून दिली. घासला तर तो गेला, परत येणार नाही. पिन लांब केली तर काडतुसाचा काठ फाटून गॅस तोंडावर येईल, एवढं मला आठवतं. बाकी काही येत नाही. जे येत नाही ते कबूल करायलाही मला तेहतीस वर्षं लागली.

वस्तीवरची माणसं पोरांना दिवसाही घरात कोंडून ठेवतात. काल वस्तीवर गेलो होतो. बंद दारांमागून पोरं रडत होती, उकाड्यानं. शांतलिंग अप्पांच्या घरातून आवाज नव्हता. त्यांना एक तान्हा मुलगा आहे, पण तो रडत नव्हता.

शिव्या द्या. या आणि मारा. पण रायफलीचं लिहा. ती पोरं माझी नाहीत आणि तुमचीही नाहीत, त्यांनी आपल्या घरातलं काय बिघडवलंय?

हनीफ


ईट
२८ मे १९५७

गफारभाई,

वाजली.

पार्सलमधल्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत, रायफल वाजली की नाही एवढंच कळव, त्यानंतर मला पत्र लिहू नकोस. तर कळवलं. इथंच थांबायला पाहिजे. पण हे शेवटचं असेल तर पूर्ण लिहितो, वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पार्सल सहा तारखेला आलं. मेणकापडात गुंडाळलेली पोलादी सळई, टोकाकडं निमुळती, आरशासारखी घासलेली. आणि नवी पिन, टोक जुन्यापेक्षा जरा रुंद. सळईवर कारखान्याचा छाप नव्हता. कानशीच्या रेघा होत्या, तिरप्या, अब्बा मारायचे तशा. म्हणजे तुम्ही ती हातानं केलीत. अम्माची बातमी वाचल्यावर केलीत. त्या आठ दिवसांत तुम्ही काय करत होता ते मला तेव्हा कळलं.

तुम्ही लिहिलं तसंच केलं. सळईला दिव्याची काजळी धरली, बोल्ट काढून मागून आत घातली, फिरवून बाहेर काढली. जिथं काजळी पुसली गेली तिथं धातू वर आलेला. मग तेलाचं बोट लावून पुन्हा आत, लाकडी हातोडीनं हळू, फिरवत, पुन्हा हळू. दर दहा ठोक्यांनी काजळी धरून तपासलं. तुम्ही लिहिलं होतं, घाई झाली की उठून बाहेर जा. मी सात वेळा उठून बाहेर गेलो. दोन दिवस लागले. आत आलेला धातू मागं सरकला, काठ वर आला. खड्डा पूर्ण भरला नाही, पण तुम्ही म्हणालात की रुंद पिन त्याच्या पलीकडच्या काठालाही चेपेल. बोल्ट आता जोर न लावता बसतो.

आण्णासाहेबांसोबत खडीच्या खाणीत जाऊन वीस काडतुसं वाजवली. वीसच्या वीस उडाली. प्रत्येक वेळी मी डोळे मिटत होतो. आण्णासाहेब म्हणाले, "डोळं उघडं ठिऊन मार की, मिस्त्री." मग पुढची दहा डोळे उघडे ठेवून मारली. त्यातली सहा समोर ठेवलेल्या टिनाच्या डब्याला लागली.

तीन संध्याकाळी आम्ही ओढ्याच्या काठावर बाभळीच्या आडोशाला बसलो. समोर शेळीचं करडू बांधलं होतं. शांतलिंग अप्पाही येऊन बसायचे, आमच्यापासून लांब, हातात कुऱ्हाड घेऊन. पहिल्या दोन दिवशी काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन अजून बाभळीच्या शेंड्यावर होतं तेव्हा करडू ओरडायचं थांबलं.

लांडगा मला वाटला होता त्यापेक्षा लहान होता. रोडका. एका बाजूची केसं झडलेली. आण्णासाहेबांनी माझ्या खांद्याला बोट लावलं. मी चाप ओढला. वाजली. गोळी त्याच्या मागच्या पायावर बसली, तो गरकन फिरला आणि ओढ्यात उतरायला लागला. दुसरं काडतूस माझ्या हातून खाली पडलं. तिसरं घातलं, बोल्ट लावला. पन्नास पावलांवर तो वळून बघत होता. पुन्हा वाजली. तो खाली बसला आणि उठला नाही.

आण्णासाहेब म्हातारे माणूस, माझा हात धरून रडायला लागले. "वाजली रं, वाजली," एवढंच म्हणत राहिले. मला तेव्हा कळलं की ते दीड महिना स्वतःलाच दोष देत होते, पहिल्या दोन टिकांचा.

वस्तीवर हलगी वाजली. लोकांनी माझ्या गळ्यात हार घातला. ज्यानं पारावरून तो शब्द टाकला होता त्यानंही घातला. आणि आण्णासाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "काडतुसं सर्दाळली हुती. मिस्त्रीचा काय दोष न्हाय. ज्यानं त्याला नावं ठिवली त्यानं आज त्याच्या घरचं पानी प्यावं." सायराला विहिरीवर बायकांनी हात धरून पुढं घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकानात सहा स्टोव्ह आले.

म्हणजे सगळं मिटलं होतं, भाई. मी तोंड बंद ठेवलं असतं तर झालं असतं. तोंड बंद ठेवणं मला प्रथमच जमत होतं, आणि त्या दोन दिवसांत मी आलेल्या एकाही स्टोव्हला हात लावला नाही. सायराला मी सगळं सांगितलेलं होतं. ती म्हणाली, जायचं तर आज जा, उद्या जाणार नाहीस.

शांतलिंग अप्पा ओसरीवर दोर वळत होते. धुरपताबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. मांडीवर तान्हा होता. मी उभ्यानंच सांगितलं.

"अप्पा, काडतुसं सर्दाळली नव्हती."

ते दोर वळत राहिले.

"बंदूक म्या बिघडवली. मुद्दाम न्हाय. चार म्हैनं रिकामी वाजवली. दुकानात बसून, लोकास्नी दाखवायला. त्यानं आतला काठ बसला. मला म्हाईत हुतं, रिकामी वाजवू नये. तरी वाजवली."

सुपाचा आवाज थांबला. धुरपताबाईंनी विचारलं, "आता वाजती का?"

"वाजती."

"दर बारीला?"

"दर बारीला, बाई."

त्या सूप तिथंच ठेवून पोराला घेऊन आत गेल्या. शांतलिंग अप्पांनी दोराचं टोक पायाखाली धरलं होतं, ते सोडलं नाही.

"ह्ये तू मला कशाला सांगितलंस?"

मी तोंड उघडायच्या आत ते पुढं बोलले.

"लांडगा मेला तवापासनं मला झोप लागाय लागली हुती, हनीफ. दोन रात्री झोपलो. डोळं मिटलं की त्यो मेलेला दिसायचा, आन् झोप लागायची. आता डोळं मिटल्यावर काय दिसंल? तू दिसशील, वट्यावर बसून हसताना." आवाज चढला नव्हता. "तुजं वझं उतरलं. म्या कुटं ठिऊ त्ये?"

मी खाली बसायला लागलो, तसे ते म्हणाले, "बसू नगंस. जा."

मी आलो.

भाई, मला वाटलं होतं खरं बोललं की काहीतरी हलकं होईल. त्यांचं तर झालं नाहीच. तुमचं झालं का, मी अम्माचं लिहिलं तेव्हा? नसेल झालं. तुम्हीही मला जा म्हणालात, सळई पाठवून म्हणालात. तुम्हाला माझ्यावर राग आहे तो ठेवा. मी तो कमी करायला हे लिहीत नाही. तुमच्या चिठ्ठीत शेवटी तुम्ही विचारलं होतं, तिची कबर कुठं? चिंचेच्या पूर्वेला, अब्बांच्या डोक्याशी. दगड अजून लावलेला नाही. त्यावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवाल म्हणून थांबलोय. तिनं तीन दिवस वाट बघितली हे त्यावर लिहिता येत नाही, पण ते तुम्हाला कळायला पाहिजे होतं.

आणखी एक सांगतो आणि संपवतो.

परवा, म्हणजे अप्पांना सांगितल्याला अकरा दिवस झाल्यावर, सकाळी दुकान उघडत होतो तर शांतलिंग अप्पा ओट्यासमोर उभे होते. हातात लोखंडाची पट्टी होती, जुन्या नांगराच्या फाळाची. त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली.

"दाराला आतनं कडी पायजे."

मी म्हटलं, "अप्पा, लांडगा मेला."

"म्हाईत हाय मला." ते ओट्यावर बसले. "हितंच कर. म्या बगतो."

मी भट्टी पेटवली. ते दिवसभर बसून होते. जेवायला गेले नाहीत, पाणी दिलं ते प्यायले. मी पट्टी तापवून वळवली, त्यांनी हातात घेऊन बघितली. मी भोकं पाडली, त्यांनी भोकात बोट घालून बघितलं. कोयंडा थोडा सैल वाटला, मी काही बोलायच्या आत त्यांनी तो माझ्यापुढं सरकवला. मी मोडून पुन्हा केला. कोण काय म्हणतंय, कोण बघतंय, याकडं माझं लक्ष नव्हतं. मला फक्त ते लोखंड दिसत होतं आणि त्यांचे गुडघे.

तिसरा प्रहर झाला तेव्हा कडी झाली. दुकानाच्याच दाराला ठोकून दाखवली. अप्पा आत गेले, कडी लावली आणि मला बाहेरून ओढायला सांगितलं. मी ओढलं. मग मला आत पाठवून ते स्वतः बाहेरून ओढायला लागले. पाय उंबऱ्याला लावून, सगळ्या अंगाचा जोर देऊन. दार हादरत होतं, माती पडत होती. किती वेळा ओढलं मी मोजलं नाही. कडी हलली नाही.

मग त्यांनी ती उपसून घेतली, धोतराच्या सोग्यात गुंडाळली. ओट्याखाली उतरल्यावर थांबले.

"हिला तेल कवा घालायचं?"

"पावसाळ्याच्या आदी एकदा अप्पा. लई न्हाय, एक थेंब."

त्यांनी मान हलवली आणि वस्तीच्या वाटेला लागले.

हनीफ